कुली लोच घरी पाळताना: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कुली लोच हा लहान, निरुपद्रवी आणि रात्री फिरणारा मासा. काळजी घेतली तर दहा वर्षं सहज जगतो. तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बरेच मासे दगावतात. कारणं जवळपास ठरलेली असतात: टोकदार खडी, उघडं झाकण, तयार न झालेली टाकी, आणि एकटाच आणलेला मासा. खालची उत्तरं दोन फुटी टाकी धरून लिहिली आहेत.

हा नेमका कोणता मासा? दुकानात याला साप-मासा म्हणतात.

साप नाही आणि ईलही नाही. लोच कुळातला तळाशी राहणारा मासा आहे. शास्त्रीय नाव पँजिओ. दुकानात पट्टेवाले येतात त्यांतले बरेचसे पँजिओ सेमिसिंक्टा जातीचे असतात, पण सगळेच ‘कुली’ म्हणून विकले जातात. कुली हे नाव हाइनरिश कूल या जर्मन निसर्गअभ्यासकावरून आलं. तो १८२१ मध्ये जावा बेटावर वारला. मासाही त्याच भागातला, म्हणजे इंडोनेशिया, मलेशिया आणि आसपासचा. तिथल्या जंगलातल्या संथ ओढ्यांत, कुजक्या पानांच्या थराखाली तो राहतो.

लांबी ८ ते १० सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीएवढी. अंग पिवळसर-गुलाबी, त्यावर गडद पट्टे. तोंडाशी मिशा असतात आणि डोळ्यावर कातडीचा पारदर्शक पडदा असतो. डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, तो लक्षात ठेवा, मासा पकडताना तोच घात करतो. काळा किंवा तपकिरी, बिनपट्ट्यांचा मिळतो तो पँजिओ ओब्लाँगा. त्याचीही निगा हीच.

रात्री फिरणारा मासा पाळून उपयोग काय? दिसतो तरी का?

दिसतो. पण त्याला लपायला जागा किती दिली, यावर ते अवलंबून आहे. लोकांना वाटतं आडोसे कमी ठेवले की मासा दिसेल. होतं उलटंच. पळायला जागा नसली की कुली फिल्टरमागे दडी मारतो आणि आठवडाभर बाहेर येत नाही. जवळच आडोसा आहे अशी खात्री असली की संध्याकाळी सातलाच बाहेर पडतो.

टाकीचा दिवा ६ ते ८ तास पुरे. रात्री दिवा बंद केला तरी खोलीतला मंद उजेड अर्धा तास राहू द्या, एकदम मिट्ट काळोख करू नका. मासे बघायचे असतील तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. लाल उजेडाला ते फारसे बुजत नाहीत. मग काचेला नाक लावून बघा: मासा वाळूचा घास घेतो, तोंडात घोळवतो आणि कल्ल्यांतून बारीक वाळू दोन्ही बाजूंना सोडतो. बघण्यासारखा हाच भाग आहे.

टाकी केवढी हवी? किती मासे आणायचे?

२४ × १२ × १५ इंचांची टाकी घ्या. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं. त्यात सहा कुली आरामात राहतात. सहापेक्षा कमी आणू नका. हा मासा गुच्छाने, एकमेकांच्या अंगावर पडून राहणारा आहे. एकटा ठेवला तर नीट खात नाही.

भरलेल्या टाकीचं वजन ७५-८० किलोपर्यंत जातं, तेव्हा साधं टीपॉय चालणार नाही. काचेखाली थर्माकोल घाला. उन्हाची खिडकी टाळा. स्वयंपाकघराचा कट्टाही नको, फोडणीच्या वाफेचा तेलकट थर पाण्यावर बसतो आणि हवा पाण्यात मिसळायची थांबते.

झाकण घट्ट हवं. नवीन टाकीत पहिले काही दिवस कुली वाट शोधत काचेवरून वर चढतात आणि वायर-नळीसाठी ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतात. भोकात स्पंजचा तुकडा दाबून बसवा.

खाली कोणती वाळू टाकायची?

सगळ्यात जास्त जीव या एका गोष्टीवर जातात, म्हणून सविस्तर सांगतो. रंगीत खडी नको. बांधकामावरची क्रश सँड तर अजिबात नको. ती खडीच्या मशिनमध्ये फोडलेला काळा दगड असते, कडा धारदार असतात. कुली तळात तोंड खुपसतो तेव्हा मिशा झिजतात, पोट खरचटतं, जखमेत जंतुसंसर्ग होतो, आणि वरून बघताना काहीच कळत नाही.

हवी ती गुळगुळीत, बारीक वाळू, कणाचा आकार मिलिमीटरच्या आत. ॲक्वेरियमच्या दुकानातली सिलिका वाळू चालते. नदीची वाळू मिळाली तर आधी रव्याच्या चाळणीने चाळा. मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे, ती पाणी जड करत राहील, वापरू नका. चिमूटभर तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळूनही बघा. टोचली तर माशालाही टोचणार.

दोन फुटी टाकीला चार सेंटिमीटर थरासाठी १० ते ११ किलो लागते. बादलीत थोडी थोडी घेऊन, हात घालून ढवळत, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. सात-आठ पाणी लागतात. साबण नाही. थर पाच सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, खालची वाळू सडते.

आडोसे कशाचे करायचे?

गुळगुळीत कडांची मातीची कुंडी अर्धी पुरलेली, पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, भिजवलेलं लाकूड, जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड). दगड ठेवायचे तर वाळू टाकण्याआधी थेट तळकाचेवर ठेवा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली कुली उकरत जातो आणि दगड त्याच्या अंगावर बसतो.

आपल्याकडे रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं भरपूर आहेत. त्यांची आपोआप गळून वाळलेली, तांबूस पानं उत्तम. रहदारीच्या रस्त्यावरची नकोत, बंगल्याच्या आवारातली किंवा बागेतली घ्या. धुवून, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून, ५५ लिटरला दोन-तीन टाका. पाणी चहासारखं होतं, ते चांगलंच. महिन्याने उरलेल्या शिरा काढून नवी टाका.

नळाचं पाणी चालेल की बोअरचं?

कुलीला मऊ, किंचित आम्ल पाणी आवडतं. पीएच (पाणी किती आम्ल त्याचं माप) ६ ते ७ उत्तम, ७.५ पर्यंत निभावतं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या दगडातून येतं आणि बहुधा जड असतं. दुसरा पर्याय नसेल तर निम्मं आरओचं मिसळा. पीएच खाली आणायची रसायनं रोज घालत बसू नका. वरखाली होणाऱ्या पीएचपेक्षा स्थिर ७.४ केव्हाही बरा.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. बादलीत एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवा, किंवा दुकानातलं अँटिक्लोरिन बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत घाला. सोसायटीच्या टाकीत नुकतीच ब्लिचिंग पावडर टाकली असेल तर दोन दिवस थांबाच.

पाणी साठवायला स्टीलची कळशी किंवा खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिक ड्रम घ्या. तांब्याची घागर आणि पितळी भांडी नकोत. कुलीच्या अंगावर खवले नावालाच असतात, त्यामुळे तांब्याचा अंश त्याला लवकर बाधतो.

टाकी भरली. मासे कधी सोडायचे?

चार ते सहा आठवड्यांनी. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर आणि वाळूत वाढायला एवढा वेळ लागतो. दोन दिवस फिल्टर चालवला म्हणजे टाकी तयार झाली असं होत नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका आणि टेस्ट किटने तपासत राहा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळता आला तर हा काळ निम्म्यावर येतो.

फिल्टर कोणता?

एअर पंपावरचा स्पंज फिल्टर. स्वस्त, आणि मासा आत ओढला जात नाही. टांगायचा किंवा आतला पॉवर फिल्टर असेल तर पाणी ओढणाऱ्या जाळीवर स्पंजची टोपी चढवा. कुली पेन्सिलीएवढ्या फटीतून आत शिरतो, म्हणून फिल्टर धुण्याआधी दर वेळी उघडून आत बघा. वाळूखालचा प्लेट फिल्टर या माशाला लावूच नका. एक तर बारीक वाळूने तो तुंबतो, शिवाय मासे प्लेटखाली जाऊन अडकतात.

स्पंज दर दोन-तीन आठवड्यांनी, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात आणि आठवड्यात अमोनिया चढतो. पाणी दर आठवड्याला १२ लिटर बदला. नवं पाणी टाकीच्या तापमानाचं हवं.

दुकानात मासा कसा पारखायचा?

वरून बघा. डोक्यामागचं अंग गोलसर हवं. पाठ सुरीच्या पात्यासारखी निघाली असेल तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे किंवा त्याला जंत आहेत. मिशा शाबूत हव्यात. जाळी जवळ नेली की विजेसारखा पळायला हवा. त्याच टाकीत एकही मेलेला मासा असेल तर त्या दिवशी खरेदी नको. काल आलेला माल आज घेऊ नका, आठवडाभर दुकानात तगू दे.

घरी आणल्यावर?

पिशवी बंदच, २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतलं पाणी पिशवीत घाला, असं पाऊण तास. शेवटी मासे हाताने किंवा वाटीने उचलून टाकीत घ्या, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टाकीचा दिवा त्या दिवशी बंद. टाकीत आधीचे मासे असतील तर नव्यांना तीन-चार आठवडे वेगळ्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून ठेवा.

खायला काय, किती आणि केव्हा?

दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने. सहा माशांना बुडणाऱ्या बारीक गोळ्या पाव चहाचा चमचा, आठवड्यातून दोनदा त्याऐवजी फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव). एक दिवस उपास. सकाळी वाळूवर उरलेलं दिसलं तर मात्रा कमी करा आणि उरलेलं नळीने ओढून काढा. फक्त तरंगणारं खाद्य घातलं तर वरचे मासे ते संपवतात आणि कुली उपाशी राहतो. ‘तळाचा मासा उष्टं खाऊन जगतो’ हा समज चुकीचा आहे. कुलीलाही स्वतःचं जेवण लागतं.

जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, गटाराच्या पाण्यात वाढतात, सोबत रोग आणतात. टाळा.

सोबत कोणते मासे चालतील?

निऑन, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा, हनी गुरामी, कोरीडोरस. मोठी कोळंबीही चालते. टायगर बार्ब, सिक्लिड, ऑस्कर नकोत. एंजल लहान असताना गरीब दिसतो, पण मोठा झाला की कुली त्याच्या तोंडात मावतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो.

उन्हाळ्यात पाणी तापतं, हिवाळ्यात गार पडतं. मग?

हवं तापमान २४ ते २८ अंश. एप्रिल-मे मध्ये कोल्हापुरात बंद खोलीतली टाकी ३० च्या वर जाते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप २४ तास चालू हवा. झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून लावा आणि टेबल फॅनचा वारा पाण्यावर तिरका सोडा. दोन-तीन अंश उतरतात. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी भरा, नाहीतर क्षार साठत जातात. बर्फ टाकू नका, अचानक फरकाने पांढरे ठिपके येतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, तेव्हा ५० वॉटचा हीटर २५ अंशांवर लावा. हीटरला जाळीचं कव्हर हवंच. कुली हीटर आणि काचेच्या फटीत जाऊन बसतो आणि भाजतो.

लाईट गेली तर?

वळवाच्या दिवसांत हे होणारच. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. तो नसेल तर दर पंधरा मिनिटांनी तांब्याभर पाणी काढून उंचावरून परत ओता, आणि लाईट येईपर्यंत खायला घालू नका. तो तांब्या स्टीलचा असू द्या.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटी फिरवावी का?

टाकीसाठी नको. तुरटीने पाण्याचा पीएच घसरतो. ड्रममध्ये दोन दिवस निवळू द्या आणि वरचंच पाणी नळीने काढून घ्या. या दिवसांत क्लोरिनही जास्त असू शकतं, अँटिक्लोरिन चुकवू नका. २०१९ च्या पुरात शहराचा पाणीपुरवठाच कोलमडला होता. जूनपासून ५० लिटरचा एक ड्रम माशांसाठी भरून झाकून ठेवणं शहाणपणाचं. टंचाई आलीच तर खाद्य निम्म्यावर आणा, म्हणजे पाणी बदलायचं आठवडाभर पुढे ढकलता येतं.

सहापैकी एक मासा दिसत नाही.

आधी जमीन बघा, टाकीच्या मागेही. मग फिल्टर उघडा. पाइपचे तुकडे उचलून बघा. तिथेही नसेल तर तो बहुतेक वाळूत आहे, कुली कित्येक दिवस दिसेनासा होतो. शोधण्यासाठी सगळी वाळू उपसू नका. अमोनिया तपासा. तो शून्य असेल तर काही कुजत नाही असं समजून वाट बघा. आणि एखादा कुली कुशीवर किंवा झाडात उलटा अडकल्यासारखा पडलेला दिसला तर घाबरू नका, तो झोपण्याची तऱ्हाच तशी आहे. कल्ले हलतात का तेवढं बघा.

सगळे काचेवरून वर-खाली पळतायत.

एखादा मासा वर येऊन हवेचा घोट घेऊन जातो, ते नैसर्गिक आहे, कुली आतड्यातूनही प्राणवायू घेतो. पाणी बदलल्यावर रात्री थोडी पळापळही होते. पण सगळेच पुन्हा पुन्हा वर येत असतील तर पाण्यात बिघाड आहे. अमोनिया आणि नायट्राइट तपासा, निम्मं पाणी बदला, पंप वाढवा.

पांढरे ठिपके आले.

मिठाच्या कणाएवढे ठिपके म्हणजे इक, हा परजीवीमुळे होणारा रोग. तापमान दिवसाला एक-दोन अंश करत ३० पर्यंत न्या, दुप्पट हवा सोडा, रोज वाळूवरचा गाळ ओढा. ठिपका अंगावर असेपर्यंत आतल्या परजीवीला औषध लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागला की मरतो. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस उपचार चालू ठेवा. औषध द्यावंच लागलं तर निम्म्या मात्रेने सुरू करा आणि तांबं असलेलं औषध वापरू नका. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत ओतू नका, फिल्टरचे जिवाणू त्याने मरतात.

खातो, तरी बारीकच होत चालला आहे.

पोटात जंत असण्याची शक्यता मोठी, कारण दुकानातले बरेच कुली ओढ्यांतून पकडून आणलेले असतात. वेगळा करा. लेव्हामिसोल हे औषध यावर चालतं, पण मात्रा पशुवैद्याला टाकीतलं पाणी किती लिटर आहे ते सांगूनच ठरवा. गायीगुरांसाठीचं औषध अंदाजाने ओतू नका.

डासांचं औषध मारलं तर माशांना काही होतं?

होतं, आणि झपाट्याने. डासांच्या बहुतेक औषधांत पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात. माणसाला निरुपद्रवी वाटणारी मात्राही माशांचा जीव घेते. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. गल्लीत धूर फवारणी आली की खिडक्या लावा, पंप बंद करा, टाकीवर ओला टॉवेल टाका. धूर गेल्यावर खोलीत हवा खेळू द्या, मगच पंप चालू करा. टाकीच्या खोलीत स्प्रे कधीच नको.

मासे पकडायचे कसे? जाळीत अडकतात.

डोळ्याखालचा काटा जाळीत रुततो, ओढलं की तोंड फाटतं. जाळी बाजूला ठेवा. अर्ध्या लिटरची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा करून आत बसवा, कापलेली कड मेणबत्तीवर जरा वितळवून गुळगुळीत करा, बाटलीला चार-पाच भोकं पाडा. आत दोन गोळ्या टाकून दिवा बंद करताना वाळूवर आडवी ठेवा. दोन-तीन तासांत मासे आत येतात. बाटली रात्रभर तशीच विसरू नका.

पिल्लं होतील का?

ठरवून क्वचितच. भरलेल्या मादीच्या पोटात हिरवट अंडी कातडीतून दिसतात, आणि ती तरंगत्या झाडांच्या मुळांत घालते. दाट मॉस असेल आणि वाळू फार ढवळली नाही तर कधीतरी दोऱ्याएवढं पिल्लू दिसतं. हिरवं पोट म्हणजे आजार नव्हे, औषध घालू नका.

चार-पाच दिवस गावाला जायचं आहे.

मोठे, धडधाकट मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाऊ नका, प्रेमाने जास्त घालतात. द्यायचंच असेल तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या.

नको झाले तर रंकाळ्यात सोडू का?

नाही, पंचगंगेतही नाही. परके मासे आणि त्यांचे रोग इथल्या पाण्यात जाता कामा नयेत. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. उलट बाजूनेही तेच: आपल्या ओढ्यांतले लोच घरी आणू नका. कृष्णेच्या खोऱ्यात झेब्रा लोच हा पट्टेरी मासा आढळतो. त्याच्या एका प्रकाराला १९५६ मध्ये कोल्हापूरचंच नाव देण्यात आलं होतं. आज झेब्रा लोच धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. ओढ्यात दिसला तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि मासा तिथेच राहू द्या.